किशोरवयीनांचा विकास आणि शैक्षणिक विषमता: मानसशास्त्रातल्या प्रबंधाची पायरीपायरीने आखणी

मानसशास्त्राला माणसाच्या आत डोकावायची सवय आहे. प्रेरणा, चिकाटी, आत्मविश्वास, आत्मनियंत्रण हे सगळं आपण मुलाच्या हाती प्रश्नावली देऊन मोजतो. शैक्षणिक विषमता मात्र बहुतांशी मुलाच्या बाहेर असते. अनुभवी शिक्षक कोणत्या शाळेत टिकतात, कोणाला कोणत्या तुकडीत बसवलं जातं, घरची भाषा आणि शाळेची भाषा एकच आहे का, शाळा सुटल्यावर मुलाला अभ्यास असतो की काम, या सगळ्यात ती असते. म्हणून या विषयावरचे प्रबंध एका ठरावीक जागी घसरतात. प्रस्तावनेत विषमता येते, मोजमाप फक्त मुलाचं होतं आणि शेवटच्या प्रकरणात मुलानेच बदलावं असा सल्ला निघतो.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे मार्शमेलोची चाचणी. समोरचा गोड पदार्थ लगेच न खाता थांबू शकणारी मुलं पुढे शिक्षणात सरस ठरतात, हे वॉल्टर मिशेल आणि सहकाऱ्यांचं निरीक्षण कित्येक वर्षं 'संयम शिकवा' या सल्ल्याचा पाया होतं. २०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून जास्त मुलांच्या, कितीतरी अधिक वैविध्य असलेल्या नमुन्यावर तेच पुन्हा तपासलं. थांबण्याचा आणि पुढच्या गुणांचा संबंध मूळच्या सुमारे निम्माच निघाला. कुटुंबाची पार्श्वभूमी, लहानपणीची बौद्धिक क्षमता आणि घरचं वातावरण हिशेबात धरल्यावर त्यातलाही सुमारे दोन तृतीयांश भाग गळाला. ज्याला आपण मुलाचा गुण म्हणत होतो, त्यात घरची परिस्थिती बरीच मिसळलेली होती.

ही घसरण प्रत्येक पायरीवर वेगळ्या रूपात भेटते. समजायला सोपं जावं म्हणून पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: गुणांवरून मुलांना वरच्या आणि खालच्या तुकड्यांत वाटणाऱ्या शाळा.

पायरी १: प्रश्न बांधणे

'सामाजिक-आर्थिक स्थितीचा शैक्षणिक यशावर होणारा परिणाम' हा प्रश्न नव्हे, हे विषयाचं नाव झालं. असा संबंध असतो हे अमेरिकेतल्या शाळांवरच्या १९६६ सालच्या कोलमन अहवालापासून वारंवार दिसलेलं आहे. तो आणखी एकदा दाखवण्यात तुमची दोन-तीन वर्षं घालवू नका.

प्रश्नात पाच गोष्टी नावानिशी याव्यात: कोणत्या वयाची मुलं, भोवतालातला कोणता घटक, त्यातून मुलापर्यंत पोचणारी कोणती प्रक्रिया, कोणता परिणाम आणि किती काळात. उदाहरणार्थ: '१३ ते १५ वर्षांच्या मुलांना खालच्या तुकडीत टाकल्यावर पहिल्या वर्षभरात त्यांची शाळेविषयीची आपुलकी कशी बदलते, आणि त्या बदलाचा किती भाग शिक्षकांकडून मिळणाऱ्या अभिप्रायाच्या दर्जाशी जोडलेला आहे?'

असा प्रश्न लिहून झाला की त्याला एक कसोटी लावा: या अभ्यासातून बदलता येण्याजोगी कोणती गोष्ट पुढे येईल? उत्तर फक्त 'मुलाची मानसिकता' असेल, तर प्रश्न परत बांधा. वरच्या प्रश्नात तुकड्या पाडण्याची पद्धत आणि शिक्षकाचा अभिप्राय या दोन्ही गोष्टी बदलता येतात, आणि त्या मोठ्यांच्या हातात आहेत.

प्रतिस्पर्धी गृहीतकही याच वेळी लिहून ठेवा. हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकात 'लहान तळ्यातला मोठा मासा' हा परिणाम मांडला. भोवतीची मुलं कमी गुणांची असली की त्याच क्षमतेच्या मुलाला स्वतःबद्दल जास्त चांगलं वाटतं. म्हणजे खालच्या तुकडीत गेल्यावर मुलाची विषयातली स्वप्रतिमा उंचावूही शकते, आणि त्याच वेळी शाळेविषयीची आपुलकी घटू शकते. हे दोन परिणाम उलट दिशेने जाऊ शकतात हे आधी माहीत नसेल, तर हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ लागणार नाही.

पायरी २: सिद्धांत निवडणे, आणि एकच निवडणे

मुलाभोवतीचं घर, शाळा, समाज दाखवणारी युरी ब्रॉनफेनब्रेनर यांची एकात एक बसलेली वर्तुळं जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असतात. पुढच्या प्रकरणांत त्यांचा मागमूसही नसतो. १९७९ सालच्या मांडणीनंतर त्यांनी स्वतःच ती बदलली होती. प्रक्रिया, व्यक्ती, संदर्भ आणि काळ या चौकडीत त्यांनी सर्वांत जास्त भर प्रक्रियेवर दिला. प्रक्रिया म्हणजे मूल आणि त्याच्या निकटची माणसं यांच्यात रोज, दीर्घकाळ चालणारी देवाणघेवाण. तुमच्या अभ्यासात ती मोजलेली नसेल तर वर्तुळांचं चित्र काढून टाका.

विषमतेसाठी जास्त नेमक्या चौकटी आहेत. सिंथिया गार्सिया कॉल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अल्पसंख्य गटांतल्या मुलांच्या विकासाचं मॉडेल मांडलं. त्यात भेदभाव, वस्त्यांचं अलगपण आणि शाळेसारख्या संस्था मुलाचा विकास कुठे अडवतात, कुठे जोपासतात, हे मध्यभागी आहे. मार्गारेट बील स्पेन्सर यांची १९९७ची मांडणी मूल स्वतः या परिस्थितीचा काय अर्थ लावतं यावर उभी आहे. जॅकलीन एक्लेस आणि कॅरल मिजली यांचं म्हणणं असं की किशोरवयात मुलाला जास्त स्वायत्तता आणि जवळची मोठी माणसं हवी असतात, आणि नेमकं तेव्हाच शाळा जास्त नियंत्रण आणि जास्त तुलना आणते. तुकड्यांच्या प्रश्नाला हीच चौकट सर्वांत चपखल बसते. रिचर्ड लर्नर यांच्या नावाशी जोडलेला सकारात्मक युवा विकासाचा दृष्टिकोन क्षमता, आत्मविश्वास, नाती, चारित्र्य आणि आस्था असे पाच परिणाम देतो. तो परिणामांची यादी म्हणून उपयोगी आहे, पण विषमता कुठून येते हे तो आपोआप सांगत नाही.

निवड पक्की करण्यासाठी एका कागदावर लिहा: 'हा सिद्धांत बरोबर असेल तर माझ्या डेटात अमुक गोष्ट दिसता कामा नये.' असं एकही वाक्य सुचत नसेल तर तुम्ही सिद्धांत वापरत नाही, फक्त त्याचं नाव घेता.

'उणीव' शोधणाऱ्या भाषेपासूनही इथेच सावध व्हा. लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये कष्टकरी कुटुंबांत साठलेल्या ज्ञानाकडे लक्ष वेधलं, तारा योसो यांनी २००५ मध्ये समाजगटांकडे असलेल्या सांस्कृतिक संपत्तीचे प्रकार मांडले आणि ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी २००६ मध्ये 'गुणांमधली दरी' या शब्दाऐवजी समाजावर साचलेलं 'शैक्षणिक ऋण' असा विचार पुढे केला. ही नावं संदर्भापुरती घेऊन भागत नाही. घरातलं भाषांतराचं काम, लहान भावंडांची जबाबदारी, व्यवहाराचं गणित यांतली किमान एक गोष्ट तुमच्या प्रश्नावलीत असायला हवी.

पायरी ३: तयार डेटा की नवा?

पदव्युत्तर पातळीवर तयार डेटा वापरण्यात कमीपणा नाही. पुष्कळदा तोच शहाणपणाचा मार्ग असतो. पिसा हे आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण २००० पासून १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांचं होतं. गणित-विज्ञानाचं टिम्स १९९५ पासून दर ४ वर्षांनी, वाचनाचं पर्ल्स २००१ पासून दर ५ वर्षांनी. 'यंग लाइव्हज' हा अभ्यास इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाममधल्या सुमारे १२,००० मुलांच्या मागे २००२ पासून आहे. तीच मुलं पुन्हापुन्हा भेटत असल्याने विकासाच्या प्रश्नांना तो जास्त उपयोगी पडतो.

पिसात दोन चुका हमखास होतात. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण एका आकड्यात नसून संभाव्य मूल्यांच्या संचात असतात (२०१५ पासून १० मूल्यं, आधी ५). त्यांची सरासरी काढून एकच गुण बनवला की प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) खोटी लहान होते. विश्लेषण प्रत्येक मूल्यावर स्वतंत्र करायचं आणि मग निकाल एकत्र करायचे. दुसरी चूक म्हणजे नमुना कसा निवडला गेला ते हिशेबात धरणारी भारांक-मालिका न वापरणं. शिवाय हे सर्वेक्षण शाळेत असलेल्यांचं आहे. शाळा सोडलेली मुलं त्यात नसतात, आणि विषमतेच्या अभ्यासात त्यांचं नसणं ही क्षुल्लक बाब नाही. अशी फाइल समजून घ्यायला दोन-तीन महिने राखून ठेवा.

नवा डेटा तेव्हाच गोळा करा, जेव्हा तुमची 'प्रक्रिया' कोणत्याही तयार सर्वेक्षणात मोजलेली नसते. शिक्षकाच्या अभिप्रायाचा दर्जा ही अशीच गोष्ट आहे.

पायरी ४: मोजमाप

मुलांना घरचं उत्पन्न विचारू नका. त्यांना ते माहीत नसतं, आणि विचारल्याने अवघडलेपण येतं. ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात सहा प्रश्नांची कौटुंबिक सुबत्ता-पट्टी वापरतात: गाडी, स्वतःची खोली, संगणक, स्नानगृहं, भांडी धुण्याचं यंत्र, सहली. ती उचलण्याआधी तुमच्या मुलांमध्ये प्रत्येक वस्तू किती घरांत आहे ते पाहा. जी वस्तू जवळजवळ सगळ्यांकडे आहे किंवा कोणाकडेच नाही, तिच्यामुळे मुलामुलांतला फरक कळत नाही. सोबत पालकांचं शिक्षण आणि १० पायऱ्यांच्या शिडीवर 'आपलं कुटुंब कुठे आहे' हे विचारा. हे तीन आकडे एकात मिसळू नका. शिडीवरची जागा ही मुलाला जाणवणारी विषमता असते, आणि ती मानसिक परिणामांशी वस्तूंच्या यादीपेक्षा वेगळ्या रीतीने जोडलेली असू शकते.

भोवतालचं मोजमाप मुलाच्या तोंडूनच घेतलं तर एक मोठा दोष राहतो: उदास मूल शिक्षकालाही वाईट ठरवतं, आणि मग दोन्ही उत्तरांचा संबंध फुगतो. म्हणून भोवतालाचं किमान एक माप वेगळ्या स्रोतातून घ्या. वर्गनिरीक्षण, तपासलेल्या वह्यांवरचे शेरे, शाळेच्या नोंदी, यांतलं काहीही चालेल. वह्यांवरचे शेरे हा दुर्लक्षित खजिना आहे. प्रत्येक तुकडीतून ८-१० वह्या घेऊन 'फक्त खूण', 'चूक दाखवली', 'पुढे काय करायचं ते सांगितलं' अशा तीन वर्गांत शेरे मोजले, तर अभिप्रायाच्या दर्जाचं ठोस माप मिळतं. वर्गवारी दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि तुकडीचं नाव झाकलेलं असावं.

दुसऱ्या भाषेत तयार झालेली मापनपट्टी आणताना दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, उलट भाषांतर आणि मग त्याच वयाच्या ८ ते १२ मुलांबरोबर मोठ्याने विचार करत प्रश्न सोडवणं, एवढं सगळं करा. शेवटचा टप्पा कधीही गाळू नका. 'या वाक्यातून तुला काय कळलं, तुझ्या शब्दांत सांग' एवढंच विचारलं तरी निम्म्या अडचणी पुढे येतात. नकारार्थी विधानं लहान मुलं उलट वाचतात. 'कधीकधी' आणि 'अधूनमधून' हे पर्याय त्यांना एकच वाटतात.

गटांची तुलना करणार असाल तर मापन-समतुल्यता तपासणं बंधनकारक समजा. मुद्दा साधा आहे: दोन गटांतल्या दोन मुलांना खरोखर सारखंच वाटत असेल, तर ती एका विधानाला सारखेच गुण देतात का? आधी घटकांची रचना, मग भारांक (विधान घटकाशी किती घट्ट जोडलेलं आहे), मग छेदबिंदू (घटकाची पातळी सारखी असताना विधानाला मिळणारे गुण) असे तीन टप्पे एकेक करून समान धरायचे. प्रत्येक टप्प्यावर सीएफआय हा मॉडेल डेटाशी किती जुळतं ते सांगणारा निर्देशांक ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर थांबायचं. छेदबिंदूंची समानता टिकली नाही तर गटांच्या सरासरींची तुलना करता येत नाही, फक्त गटाच्या आतले संबंध पाहता येतात. कोणतं विधान बिघडलं ते शोधा आणि ते का बिघडलं यावर लिहा. तो प्रबंधातला अस्सल निष्कर्ष असतो.

पायरी ५: नमुना किती मोठा?

एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून ५०० मुलं म्हणजे ५०० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एकूण मुलांना ज्या आकड्याने भागायचं, त्याचा हिशेब असा: १ + (प्रत्येक शाळेतली मुलं − १) × शाळेच्या आतला सहसंबंध. शैक्षणिक गुणांसाठी हा सहसंबंध ०.२०च्या आसपास असणं नवलाचं नाही.

२० शाळा आणि प्रत्येकी २५ मुलं घेतली तर १ + २४ × ०.२० = ५.८. ५०० भागिले ५.८, म्हणजे परिणामतः सुमारे ८६ मुलं. तीच ५०० मुलं ५० शाळांतून प्रत्येकी १० घेतली तर १ + ९ × ०.२० = २.८, म्हणजे सुमारे १७९. प्रश्नावल्या तेवढ्याच, माहिती दुपटीहून जास्त. आणखी एका वर्गापेक्षा आणखी एका शाळेसाठी धडपड करा. आपुलकीसारख्या मनोवैज्ञानिक मापांसाठी हा सहसंबंध सहसा गुणांपेक्षा कमी असतो, तेव्हा आधीच्या लहान चाचणी-अभ्यासातून (पायलट) स्वतःचा आकडा काढा.

अपेक्षित परिणामाचा आकार प्रयोगशाळेतल्या जुन्या अभ्यासातून उचलू नका. आपल्या गटाबद्दलच्या साचेबद्ध प्रतिमेच्या दडपणाने कामगिरी खालावते असं दाखवणारा १९९५चा प्रयोग प्रसिद्ध आहे, पण २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या दोन हजारांहून जास्त शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या पूर्वनोंदणीकृत (गृहीतकं आणि विश्लेषण आधीच नोंदवून ठेवलेल्या) अभ्यासात मुलींच्या गणितात तो परिणाम दिसला नाही. मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० मध्ये शैक्षणिक उपक्रमांसाठी सुचवलेले मापदंड हाताशी ठेवा: प्रमाण विचलनाच्या ०.०५ पेक्षा कमी तो लहान, ०.०५ ते ०.२० मध्यम, ०.२० आणि वर मोठा. डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांच्या २०१९च्या, 'बुद्धी वाढवता येते' ही धारणा मुलांना देणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय पातळीवरच्या प्रयोगात बारा हजारांहून जास्त विद्यार्थी होते. त्यातल्या कमी गुण असलेल्यांचा ग्रेड-सरासरीतला फायदा ०.१० गुणांचा होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जिथे बरोबरीची मुलं अवघड काम अंगावर घेण्याच्या बाजूची होती, तिथेच तो फायदा टिकला. म्हणजे मुलाच्या मनावर केलेला उपायसुद्धा भोवतालाच्या परवानगीने चालतो.

'हा परिणाम एका गटात दुसऱ्यापेक्षा जास्त आहे का' हा प्रश्न विषमतेच्या अभ्यासात सगळ्यांनाच विचारायचा असतो, पण तो फार महाग पडतो. हा फरक मूळ परिणामाच्या निम्म्या आकाराचा असेल, तर तो तेवढ्याच खात्रीने पकडायला साधारण १६ पट नमुना लागतो. १५० मुलांच्या अभ्यासात अशी पाच गृहीतकं लिहू नका. एकही नको.

पायरी ६: परवानग्या आणि संमती

नैतिकता समितीकडे अर्ज जाण्याआधी शाळांशी बोलणी सुरू करा. परीक्षांचं वेळापत्रक समोर ठेवून तारखा मागा. मुख्याध्यापकांना एक पान द्या: किती तासिका जातील, शिक्षकांना काय करावं लागेल, शाळेला काय परत मिळेल.

पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालक 'हो' म्हणाले तरी मूल 'नाही' म्हणू शकतं, आणि तसं म्हणणं वर्गात सगळ्यांसमोर सोपं असायला हवं. प्रश्नावली न भरणाऱ्यांना त्याच आकाराचा दुसरा कागद द्या, म्हणजे कोण भरतंय ते बाजूच्याला कळत नाही.

सही करून परत न आलेले फॉर्म ही नमुन्यातली पहिली गळती. ते ज्या घरांतून येत नाहीत ती बहुधा जास्त अडचणीतली घरं असतात: पालक कामावर, वाचता न येणारे, किंवा सही करायला बिचकणारे. फॉर्म घरच्या भाषेत आणि एका पानाचा ठेवा, तोच मजकूर ध्वनिमुद्रणात द्या, दोनदा आठवण करा. भेटवस्तू ठेवली असेल तर ती फॉर्म परत आणण्यासाठी द्या, मग उत्तर 'हो' असो वा 'नाही'.

गोपनीयतेला मर्यादा असते हे आधीच सांगा. मुलाच्या जिवाला धोका असल्याचं कळलं तर मोठ्यांना सांगावं लागेल, हे वाक्य मुलाला समजेल अशा शब्दांत फॉर्ममध्ये हवं. अशी वेळ आली तर कोणाला, किती तासांत, कोण कळवणार, हे एका कागदावर लिहून प्रत्येक सहाय्यकाच्या खिशात ठेवा.

पायरी ७: वर्गातला दिवस

४० मिनिटांच्या तासिकेत बसणं, सूचना आणि कागद गोळा करणं यात १२-१५ मिनिटं जातात. उरलेल्या २५ मिनिटांत ६० प्रश्नांवर जाऊ नका. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा. तसं केलं नाही तर सावकाश वाचणारी मुलं शेवटची पानं कोरी सोडतात, आणि तुमचा गहाळ डेटा वाचनक्षमतेशी जोडला जातो. महत्त्वाची पट्टी शेवटी ठेवू नका.

वर्गशिक्षक बाकांमधून फिरत असतील तर शिक्षकाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं निरुपयोगी होतात. त्यांना दाराशी किंवा वर्गाबाहेर थांबण्याची विनंती आधीच करून ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तीच मुलं जुळवण्यासाठी 'आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारीख' असे मुलांनीच बनवलेले संकेत बरेच चुकतात. समितीची परवानगी असेल तर क्रमांक तुम्ही द्या, आणि नाव-क्रमांकाची यादी डेटापासून वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा. ती नष्ट करण्याची तारीख अर्जातच लिहा.

पायरी ८: गळती

प्रत्येक फेरीत १५ टक्के मुलं गळली तर ४०० पैकी दुसऱ्या फेरीत ३४०, तिसऱ्यात २८९ उरतात. जाणारी मुलं योगायोगाने जात नाहीत. घर बदललेली, शाळा सोडलेली, कामाला लागलेली, म्हणजे ज्यांच्यासाठी अभ्यास चालू आहे तीच. फक्त शेवटपर्यंत राहिलेल्यांवर विश्लेषण केलं तर विषमता आहे त्यापेक्षा कमी दिसण्याचा धोका असतो. बहुविध आरोपण किंवा पूर्ण माहितीवर आधारित अंदाज या गहाळ डेटा हाताळण्याच्या पद्धती मदत करतात, पण गळतीचा अंदाज देणारी माहिती आधी गोळा केलेली असेल तरच. म्हणून पहिल्याच फेरीत हजेरी घ्या आणि एक प्रश्न घाला: 'पुढच्या वर्षी तू याच शाळेत असशील असं तुला वाटतं का?' हा एवढासा प्रश्न पुढे फार कामाला येतो.

पायरी ९: विश्लेषण

सर्वांत जास्त नुकसान 'नियंत्रण', म्हणजे एखादी गोष्ट हिशेबात स्थिर धरणं, या शब्दाने होतं. प्रत्येक हाताशी असलेला चल (मोजलेली गोष्ट) मॉडेलमध्ये टाकला की निकाल 'शुद्ध' होतो, हा समज चुकीचा आहे. घरच्या परिस्थितीचा १५ व्या वर्षीच्या गुणांवरचा एकूण परिणाम शोधताना १० व्या वर्षीचे गुण स्थिर धरले, तर त्या पाच वर्षांआधी झालेली सगळी विषमता तुम्ही पुसून टाकली. आधीचे गुण हेही त्याच परिस्थितीचं फळ आहे. मार्शमेलोच्या नव्या विश्लेषणावरही हा आक्षेप घेतला गेला: लहानपणीची क्षमता आणि थांबण्याची क्षमता जर एकाच मुळाची असेल, तर एक स्थिर धरून दुसरी तपासणं कितपत योग्य? बाणांचं चित्र काढा. कारण आणि परिणाम या दोहोंच्या आधी येणारे चल मॉडेलमध्ये घ्या, मधल्या वाटेवरचे घेऊ नका, आणि ही यादी डेटा उघडण्याआधी पूर्वनोंदणीत टाका.

तुकड्यांच्या उदाहरणात मात्र आधीचे गुण घ्यावेच लागतील, कारण त्यांच्यावरूनच मुलांना वाटलं गेलं. एकाच चलाचं काम प्रश्नागणिक बदलतं.

सुरुवातीलाच वेगळ्या असलेल्या दोन गटांतला बदल मोजताना फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये दाखवलेला पेच येतो. शेवटच्या गुणांतून सुरुवातीचे वजा केले तर एक उत्तर येतं, सुरुवातीचे गुण स्थिर धरले तर कधीकधी वेगळंच. पहिली पद्धत विचारते, कोणत्या गटाची सरासरी जास्त वाढली? दुसरी विचारते, सुरुवातीला सारखे गुण असलेल्या दोघांपैकी शेवटी पुढे कोण? दोन्ही प्रश्न वैध आहेत, पण तुमचा कोणता, हे आधी ठरवा. दोन्ही चालवून जो आवडेल तो छापणं ही फसवणूक आहे.

'उत्तीर्णांच्या टक्केवारीतली दरी' टाळा. दोन गटांच्या सरासरी ५० आणि ६०, प्रमाण विचलन दोन्हीकडे १० धरा. उत्तीर्णतेची रेषा ५० वर असेल तर ५० आणि ८४ टक्के पास, दरी ३४ अंकांची. आता दोन्ही गट १० गुणांनी वर गेले, तर ८४ आणि ९८ टक्के, दरी १४. मुलांमधलं अंतर जिथल्या तिथे आहे, १० गुणांचं. फक्त रेषा आलेखाच्या शेपटीकडे सरकली. धोरणाच्या यशोगाथा अशा आकड्यांवर उभ्या राहतात, म्हणून सरासरी आणि प्रमाण विचलन नेहमी सोबत द्या.

मूल आणि शाळा असे स्तर वेगळे धरणाऱ्या बहुस्तरीय मॉडेलमध्ये मुलाची सुबत्ता शाळेच्या सरासरीपासून मोजा, आणि शाळेची सरासरी वेगळा चल म्हणून घाला. नाहीतर 'गरीब घरातलं असणं' आणि 'गरीब शाळेत असणं' एका आकड्यात मिसळतात, आणि विषमतेच्या अभ्यासाला नेमका तोच फरक हवा असतो. शाळा ३०-५० पेक्षा कमी असतील तर मर्यादित कमाल-शक्यता (REML) ही अंदाजाची पद्धत आणि लहान नमुन्यासाठीची दुरुस्ती वापरा. दहाच्या आत असतील तर प्रत्येक शाळेला स्वतःचा स्थिरांक द्या, आणि शाळा-पातळीवरचे निष्कर्ष काढायचे नाहीत हे मान्य करा.

एकाच वेळी घेतलेल्या प्रश्नावलीवर मध्यस्थीचं (कारण आणि परिणाम यांच्या मधली प्रक्रिया शोधणारं) विश्लेषण करू नका. तीन फेऱ्या असतील तर एलेन हमाकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेलं मॉडेल पाहा. ते मुलामुलांतले कायमचे फरक आणि त्याच मुलात काळानुसार झालेले बदल वेगळे करतं.

पायरी १०: मुलांचं म्हणणं

मुलाखतीत 'खालच्या तुकडीत गेल्याचं वाईट वाटलं का?' असं विचारलं तर उत्तर तुम्हीच देऊन टाकलं. 'तू कोणत्या तुकडीत आहेस हे तुला कसं कळलं? कोणी सांगितलं? त्या दिवशी घरी काय बोलणं झालं?' अशा प्रश्नांनी घटना मिळते, आणि घटनेतून अर्थ. दोन्ही तुकड्यांतली मुलं आणि शिक्षक घ्या. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचं लेखन करायला ४ ते ६ तास लागतात, तेव्हा २० मुलाखती म्हणजे किती आठवडे हे आधीच मोजा. ब्राउन आणि क्लार्क यांची चिंतनशील विषयसूत्र-विश्लेषणाची (reflexive thematic analysis) पद्धत घेतली असेल तर मजकुराची वर्गवारी करणाऱ्या दोन कोडर्समधल्या सहमतीचा आकडा जोडू नका. त्या पद्धतीत संशोधकाची दृष्टी हेच साधन आहे, आणि त्या दोघींनी हा मेळ चुकीचा असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे.

मुलांना सहसंशोधक करायचं असेल तर ६-८ जणांचा गट दर आठवड्याला भेटायला हवा, आणि कोणता निर्णय खरोखर त्यांच्या हातात आहे हे पहिल्या बैठकीत सांगायला हवं. फक्त पोस्टर बनवण्यापुरतं बोलावणार असाल तर त्यांचा वेळ घेऊ नका.

पायरी ११: लेखन आणि परतफेड

पहिला खर्डा झाल्यावर 'कमी', 'अभाव', 'मागास', 'जोखमीची मुलं' हे शब्द शोधा. प्रत्येक ठिकाणी विचारा की इथे कर्ता कोण आहे. 'गरीब मुलांची आपुलकी कमी होते' याऐवजी 'खालच्या तुकडीत ज्यांच्या वह्यांवर फक्त खूण होती, त्यांची आपुलकी वर्षभरात घटली' असं लिहा. वाक्य लांबतं, पण मोजलं तेच सांगतं. वंश, जात किंवा लिंग हे 'कारण' म्हणून लिहू नका. कारण असतं ते त्या ओळखीमुळे मिळालेल्या वागणुकीत, आणि ती तुम्ही मोजली आहे की नाही ते सांगा.

तक्त्यात १० पेक्षा कमी मुलांचा कप्पा असेल तर तो शेजारच्यात मिसळा. लहान शाळेत 'दुसरी भाषा बोलणारी, खालच्या तुकडीतली मुलगी' म्हणजे एकच मुलगी असू शकते, आणि शिक्षक तिला ओळखतील.

शाळेला दोन पानांचा अहवाल द्या. त्यात शाळांची क्रमवारी नको, कोणत्याही एका शिक्षकाचा आकडा नको. पान एकवर काय दिसलं, पान दोनवर मोठ्यांना पुढच्या सत्रात करता येण्याजोग्या दोन गोष्टी. मुलांना वेगळी अर्ध्या तासाची बैठक द्या. ती तुकड्या पुन्हा पाडल्या जाण्याआधी घ्या, कारण नंतर त्याच मुलांना एका वर्गात गाठणं शक्य होत नाही.